विणणाऱ्यांची पहिली बर्फस्वारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फ कधीच पडत नाही अशा भागात वाढलेल्या आणि हातात सुया असलेल्या माणसाने बर्फात खेळायला जायचं ठरवलं, की प्रश्न ठरलेले असतात. गेली काही वर्षं मला ते पत्रांतून, फोनवर आणि शेजारी बसून विणताना सतत विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सगळं घरीच विणायची इच्छा आहे. सुरुवात कशापासून करू?

हातमोज्यांपासून, आणि तेही दोन जोड. बहुतेक जण आधी स्वेटर सुईवर घेतात. दोन-अडीच महिने त्यात जातात आणि हातमोजे निघायच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने, सैल वीण घालून उरकले जातात. मीही पहिल्या वेळी तेच केलं. स्वेटर दिवसभर जॅकेटखाली होता, कुणाला दिसलाही नाही, आणि हातमोजे अर्ध्या तासात भिजून जड झाले. खेळायचं म्हणजे बर्फ हातात घ्यायचा. हात गारठले की खेळ संपला, बाकी अंग कितीही उबदार असो.

माझा क्रम असा: हातमोज्यांचे दोन जोड, कान झाकणारी टोपी, गळपट्टी, पायमोजे, आणि मग वेळ उरला तर स्वेटर. मध्यम जाडीच्या लोकरीत मोठ्या माणसाचा हातमोज्यांचा एक जोड किंवा एक टोपी साधारण १०० ग्रॅममध्ये होते. म्हणजे एका स्वेटरच्या लोकरीत अख्ख्या घराचे हात झाकले जातात.

२. लोकर ऊब देते म्हणजे नेमकं काय करते?

लोकर स्वतः गरम नसते. ती हवा धरून ठेवते. लोकरीचा तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असतो, त्यामुळे तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि मधे हवेचे बारीक कप्पे राहतात. अडकलेली हवा उष्णता फार हळू जाऊ देते, म्हणून अंगाची ऊब अंगाशीच राहते.

लोकरीचा दुसरा गुण ओलीशी वागण्याचा. ती आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतका ओलावा तंतूच्या आत घेते, तरी हाताला ओली लागत नाही. हा ओलावा शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते. सुती कापडाचं तसं नाही. ते भिजलं की अंगाला चिकटतं, हवेची जागा पाणी घेतं आणि अंग गार पडत जातं. म्हणून बर्फात अंगालगत सुती बनियन किंवा सुती पायमोजे घालू नका.

आता एक गंमत. ताजा भुसभुशीत बर्फही याच युक्तीवर चालतो. साधारण १० सेंटीमीटर ताजा बर्फ वितळवला की जेमतेम १ सेंटीमीटर पाणी होतं, बाकी सगळी हवा. म्हणून बर्फाखालची जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि बर्फाच्या घरात माणसं रात्र काढू शकतात. लोकर काय आणि बर्फ काय, दोन्ही हवेची गोधडीच. ही एक गोष्ट नीट लक्षात आली की खालची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

३. माझा स्वेटर चांगला जाड आहे. वरून जॅकेट लागेलच का?

लागेल. विणलेल्या कापडाला भोकं असतात आणि वारा त्यातून आत शिरून धरलेली हवा पळवून नेतो. वारा नसताना जो स्वेटर पुरतो, तोच वाऱ्यात चाळणी होतो. वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट असलं की आतल्या लोकरीला तिचं काम करता येतं. खाली तशीच पँट हवी, कारण बर्फात खेळताना बसणं, लोळणं, गुडघे टेकणं सतत चालतं. जॅकेट आणि पँट एक-दोन दिवसांपुरती भाड्याने किंवा उसनी मिळाली तर उत्तम.

जॅकेट मात्र स्वेटर घालून मापाचं बघा. वरून आवळलं गेलं तर लोकर दबते आणि हवा निघून जाते.

४. ॲक्रिलिक चालेल का? घरात भरपूर आहे.

टोपी आणि गळपट्टीसाठी चालेल, दिवस कोरडा असेल तर. हातमोजे आणि पायमोजे मात्र खऱ्या लोकरीचेच करा. ॲक्रिलिकचा तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही. ते पाणी तंतूंच्या मधल्या जागेत साठतं, म्हणजे नेमकं जिथे हवा असायला हवी तिथे. शिवाय ॲक्रिलिक आगीजवळ वितळतं. शेकोटीभोवती हात शेकायला बसणार असाल तर हे विसरू नका.

खऱ्या लोकरीतही दोन प्रकार आहेत. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते. ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते. ती धुवायला सोपी, पण भिजली की सैल होऊन लांबते. लहान मुलांच्या टोपीला ती बरी. बर्फ हाताळायच्या मोज्यांना मी साधीच लोकर वापरते, कारण ती वापरता वापरता दाट होत जाते.

५. खरी लोकर मला टोचते. काय करू?

टोचणं हे तंतूच्या जाडीवर असतं. तंतू ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून जाड असले की त्यांची टोकं त्वचेला बोचतात. मेरिनो या मेंढीची लोकर त्याहून खूपच बारीक असते. गळ्याला आणि कपाळाला मेरिनो ठेवा, हातापायांना जरा राकट लोकर घ्या, ती जास्त टिकते. टोपीच्या कडेला आतून मऊ पट्टी शिवली तरी भागतं.

६. बोटाबोटांचे हातमोजे विणू की चार बोटं एकत्र असलेले?

खेळायला एकत्र बोटांचे, म्हणजे मिटन. चारही बोटं एका खोलीत राहिली की एकमेकांना ऊब देतात आणि थंडीला उघडी बाजूही कमी मिळते. विणायलाही सोपे: एक नळी आणि एक अंगठा. बोटाबोटांचे मोजे फोटो काढायला, चेन लावायला सोयीचे. पातळ लोकरीचा असा एक जोड मिटनच्या आत घालायला विणून ठेवा, मग मिटन काढला तरी हात उघडा पडत नाही.

७. मिटन किती घट्ट विणायचे?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा घट्ट. मध्यम लोकरीला आपण एरवी ४ मिलिमीटरची सुई घेतो आणि १० सेंटीमीटरला साधारण २२ टाके येतात. मिटनसाठी त्याच लोकरीला ३ किंवा ३.२५ ची सुई घ्या आणि १० सेंटीमीटरला २६ टाके बसवा. आधी नमुना विणा, उजेडासमोर धरा. टाक्यांमधून उजेडाचे ठिपके दिसत असतील तर वाराही तिथूनच येणार. बोटं थोडी दुखतील, एक-दोन ओळी विणून हात झटका, पण सुई बदलू नका.

मनगटाची रिब, म्हणजे ताणली जाणारी पट्टी, आखूड ठेवू नका. एक सुलट एक उलट अशी किमान ७-८ सेंटीमीटर विणा, म्हणजे ती जॅकेटच्या बाहीखाली नीट जाते. बर्फ आत शिरतो तो बहुतेक वेळा इथूनच. अंगठ्यासाठी बाजूने टाके वाढवत पाचर काढा. नुसतं भोक ठेवून अंगठा विणला तर मूठ वळताना तळहातावर ताण येतो, आणि बर्फाचा गोळा करताना मूठ सारखी वळावीच लागते.

दोनरंगी वीण हा याहून चांगला उपाय. प्रत्येक ओळीत न वापरलेला धागा मागून जातो, त्यामुळे आपोआप दुहेरी जाडी होते. नॉर्वेतल्या सेल्बू गावच्या काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांची ख्याती नक्षीमुळे झाली, पण ते उबदार असतात ते या मागच्या धाग्यांमुळे. मागचे धागे लांब सोडू नका, मुलांची बोटं त्यात अडकतात.

८. विणलेल्या मोज्यांना बर्फाच्या गोळ्या चिकटतात. काही उपाय?

हे जवळून बघितलंय तेव्हा सांगते. बर्फ आधी धुळीसारखा मोज्यावर बसतो. हाताच्या उबेने त्यातला थोडा वितळतो, ते पाणी लोकरीच्या बाहेर आलेल्या केसांभोवती पुन्हा गोठतं, आणि त्या कणाला पुढचा बर्फ चिकटत जातो. दहा मिनिटांत मनगटाजवळ मण्यांची माळ गुंफल्यासारख्या गोळ्या लटकतात. त्या ओढू नका. ओढली की गोळीबरोबर टाका बाहेर येतो आणि शेजारचे चार टाके आवळले जातात. मोजा हातात असतानाच दुसऱ्या हाताने हलकेच आपटा, किंवा गोळी चिमटीत धरून चुरा, ती पिठासारखी सुटते. सगळं घरात शिरायच्या आधी, बाहेरच.

विणतानाच काळजी घ्यायची तर केसाळ लोकर टाळा, नक्षीचे उठाव आणि वेणीची वीण टाळा. सपाट सुलट विणीवर बर्फ कमी धरतो. आटवलेल्या मिटनवर त्याहून कमी (प्रश्न ९). ओल्या बर्फात दिवसभर खेळायचं असेल तर वरून पाणी न शिरणारं पातळ आवरण घाला.

९. मिटन मुद्दाम आटवतात असं ऐकलं. ते कसं?

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. पाणी, उष्णता आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं दाट होतं. मग वारा सहज आत येत नाही. यासाठी मिटन बरेच मोठे विणावे लागतात. किती मोठे ते लोकरीवर ठरतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. १५ बाय १५ सेंटीमीटरचा तुकडा विणा, गरम पाण्यात साबण घालून चोळा, वाळवा आणि मोजा. १५ चे १२ झाले तर मापाचे मोजे विणताना सगळीकडे सव्वापट धरा. लांबी आणि रुंदी वेगवेगळी मोजायची, कारण लांबी बहुधा जास्त आटते. सुपरवॉश आणि ॲक्रिलिक आटत नाहीत.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मासेमार असे आटवलेले मिटन घालून कामं करत. ते समुद्राच्या पाण्यात बुडवून, पिळून, ओलेच हातात घालत आणि तरीही हात गरम राहत. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड-लॅब्राडोर भागातली पद्धत आणखी वेगळी: न कातलेल्या लोकरीचे छोटे पुंजके विणतानाच टाक्यांत अडकवतात. बाहेरून फक्त ठिपके दिसतात, आत मऊ गादी होते, आणि वापरून वापरून ती गादी आपोआप दाबून बसते. माझ्या मते बर्फासाठी याहून उबदार मिटन नाही. विणायला वेळ दुप्पट लागतो, तो द्या.

१०. टोपी कशी असावी?

कानांवरून खाली येणारी आणि कडेला दुहेरी. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असेल तर टोपी ५० च्या आसपास विणा, ताणून बसली की वाऱ्याने उडत नाही. १० सेंटीमीटरला २२ टाक्यांच्या विणीत १०८ टाके घाला. माथ्यावर सहा भाग करून टाके कमी केले की वरून बघताना सहा पाकळ्यांचा हिमकण दिसतो: प्रत्येक भागात १८ टाके, सुरुवातीला एक ओळ सोडून एक आणि शेवटी प्रत्येक ओळीत कमी करायचे. गोंडा हवा तर लावा, पण तो सुटा होणारा असू द्या (प्रश्न १६).

११. मफलर किती लांब विणू?

खेळायला मफलर विणूच नका, गळपट्टी विणा, म्हणजे डोक्यातून घालायची बंद नळी. लांब मफलरची टोकं घसरगाडीखाली येतात, उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यात किंवा सरकत्या दोरीत अडकतात, आणि ते गळ्याशी असतं. लहान मुलांच्या बाबतीत यात सूट नाही. मिटनना जोडणारी दोरीही मुलांना गळ्याभोवती नको, जॅकेटच्या बाहीतून घ्या. गळपट्टी नाकापर्यंत वर ओढता येईल इतकी उंच ठेवा. श्वासाने ती ओली होते, म्हणून खिशात दुसरी बाळगा.

१२. दोन-दोन पायमोजे घातले तरी पाय गार पडले. असं का?

बुटात जागा उरली नसणार. दोन जाड मोज्यांनी पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि लोकरीतली हवाही दबते. एकच जाड लोकरी मोजा घाला आणि बोटं मोकळी हलतात का ते बघा. बूट घेताना विणलेला मोजा सोबत न्या.

१३. स्नोमॅन होतच नव्हता. बर्फ हातातून वाळूसारखा सांडत होता. आमचं काय चुकलं?

काहीच नाही, तो बर्फ त्या खेळाचा नव्हता. मराठीत आपण सगळ्याला बर्फच म्हणतो, पण एक दिवस बर्फात घालवला की त्याचे प्रकार हाताला कळायला लागतात. हवा शून्य अंशाच्या जवळ असते तेव्हा कणांवर पाण्याचा बारीक थर असतो. दाबलं की कण जुळतात आणि गोठून धरतात. उणे दहाच्या थंडीत तो थर जवळजवळ नसतो, म्हणून बर्फ कोरडा आणि भुरभुरीत राहतो, पायाखाली कुरकुरतो.

कसोटी सोपी. मिटनमध्ये मूठभर घ्या, दाबा, मूठ उघडा. गोळा राहिला आणि पाणी टपकलं नाही, तर स्नोमॅन आणि किल्ले. गोळा फुटला तर घसरगाडी, लोळणं, उधळणं. पाणी टपकलं तर खेळ कमी करा, कारण हातमोजे भिजायचा दिवस तोच. सकाळी भुरभुरीत असलेला बर्फ दुपारी उन्हात नेमका चिकट होतो, तेव्हा निराश होऊन निघू नका, दुपारपर्यंत थांबा.

१४. स्नोमॅन बांधायचा कसा? आणि त्याला मी विणलेला मफलर घालू का?

दोन्ही हातांत मावेल इतका घट्ट गोळा करा आणि जमिनीवर लोळवा. दर दोन-तीन वळणांनी दिशा बदला, नाहीतर गोळ्याऐवजी गुंडाळलेल्या चटईसारखी वळकटी होते. सर्वांत मोठा गोळा जिथे उभा करायचा तिथेच नेऊन थांबवा, तो नंतर हलत नाही. वरचा गोळा ठेवण्याआधी खालच्याचा माथा सपाट करा, सांध्यात बर्फ भरून दाबा. अमेरिकेतल्या मेन राज्यात बेथेल गावाने २००८ मध्ये ३७ मीटरहून उंच हिमस्त्री उभी केली होती, आपल्याला कमरेएवढा पुरे.

मफलर घाला, पण उरल्यासुरल्या ॲक्रिलिकचा. इथे ॲक्रिलिकच योग्य. चांगली लोकर दिवसभर भिजून रात्री गोठली की ओढून काढताना तंतू तुटतात. जाताना मफलर, बटणं, काड्या परत घ्या.

१५. बर्फाच्या गोळ्यांची मारामारी मोठ्यांनी खेळावी का?

जरूर. जपानमध्ये तर युकिगासेन नावाने तिच्या स्पर्धा होतात: सात-सात जणांचे संघ, आधी तयार केलेले नव्वद गोळे, तीन-तीन मिनिटांचे डाव, आणि डोक्यावर हेल्मेट. ते हेल्मेट उगाच नाही. आपले नियम तीन ठेवा: खांद्याच्या वर मारायचं नाही, गोळा पाण्यात बुडवायचा किंवा रात्रभर ठेवायचा नाही, आणि जमिनीवरचा खडेमिश्रित बर्फ उचलायचा नाही. मुठीत मिटनने एकदाच दाबलेला गोळा अंगावर फुटतो आणि लागत नाही.

१६. घसरगाडीवर बसायचं आहे. टोपीवर हेल्मेट बसेल?

पातळ, गोंडा नसलेली टोपी असेल तर बसेल. जाड टोपीवर हेल्मेट वर उचललं जातं आणि धडकेत सरकतं. त्यामुळे एक पातळ टोपी खास यासाठी विणा. उतार असा निवडा की खाली लांब सपाट मैदान असेल आणि वाटेत झाड, कुंपण, रस्ता, पाणी नसेल. पाय पुढे करून बसा, डोकं पुढे करून झोपू नका. डोंगरातल्या मोठ्या, मोकळ्या, तीव्र उतारांवर स्वतःच्या मनाने जाऊ नका. ३० ते ४५ अंशांचे उतार हिमकडे कोसळण्यासाठी सर्वांत धोक्याचे असतात, आणि ते दिसायला फार सुंदर दिसतात.

१७. हिमकणाची नक्षी खरंच डोळ्यांनी दिसते का?

दिसते, आणि विणणाऱ्या माणसाने ती बघितल्याशिवाय परत येऊ नये. वारा नको, थंडी चांगली हवी. मोठे, फांद्यांचे स्फटिक उणे १५ अंशांच्या आसपास तयार होतात. गडद रंगाचा, आधीपासून बाहेर गार झालेला मिटन पुढे धरा. श्वास बाजूला सोडा. एखादा कण केसांच्या टोकावर अलगद टेकतो, दोन-तीन सेकंद सहाही पाकळ्या स्पष्ट दिसतात, मग कडा गोल होतात आणि पाण्याचा थेंब उरतो. भिंग असेल तर न्या. या एका कारणासाठी मी एक जोड नेहमी गर्द निळा विणते.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात ५,००० हून अधिक काढले. १९३६ मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत हिमकण वाढवून दाखवला, तो सशाच्या केसाच्या टोकावर. अंगोरा, म्हणजे सशाच्या केसांची लोकर हातात घेताना मला ते दरवेळी आठवतं.

एक बारकावा: सेल्बूच्या मोज्यांवरची प्रसिद्ध चांदणी आठ पाकळ्यांची असते, म्हणून तिला हिमकण म्हणणं बरोबर नाही. विणीची चौकट चौकोनी, तिच्यात आठ सहज बसतात. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत बसतात, म्हणून हिमकणाला सहा. सहा पाकळ्यांची नक्षी बसवायची असेल तर ती टोपीच्या माथ्यावर बसवा (प्रश्न १०).

१८. बर्फात लोळून परीचा ठसा काढतात, तो कसा काढायचा?

भुसभुशीत, खोल बर्फात पाठीवर झोपा, हातपाय पंख्यासारखे हलवा, आणि उठताना कुणाला तरी हात द्यायला सांगा, नाहीतर ठसा मोडतो. गळपट्टी आधी नीट खोचून घ्या, मानेतून बर्फ आत जातो.

१९. गोठलेल्या तळ्यावर किंवा बर्फाच्या ढिगाऱ्यात बोगदा करून खेळलं तर?

दोन्ही नको. तळ्यावर पडलेला भुसभुशीत बर्फ खालच्या थराला पांघरूण घालतो (प्रश्न २), त्यामुळे तो थर जाड व्हायला वेळ लागतो, आणि वरून किती जाड आहे ते दिसतही नाही. तिथली जबाबदार माणसं परवानगी देतील तेव्हाच पाय ठेवा. ढिगाऱ्यातले बोगदे न सांगता कोसळतात. बर्फाचं घर बघायची हौस असेल तर ते बांधणाऱ्या जाणत्या माणसाबरोबरच.

२०. मूल ‘थंडी नाही वाजत’ म्हणतं. कधी आत न्यायचं?

त्याच्या शब्दांवर जाऊ नका, दर वीस मिनिटांनी मिटन काढून बोटं बघा. बोटं, नाक, कान पांढुरके पडले, बधीर झाले किंवा मूल कुडकुडायला लागलं की लगेच आत. ओलं सगळं काढा, कोरडं घाला. बधीर भाग कोमट पाण्यात धरा, आपल्या कोपराला सुखद वाटेल इतक्याच. चोळू नका. बर्फ तर मुळीच चोळू नका, तो जुना समज चुकीचा आहे. शेकोटीशी धरू नका, बधीर त्वचेला चटका कळत नाही. कुडकुडणं थांबून मूल किंवा मोठं माणूस सुस्त, अडखळत बोलणारं झालं तर ते गंभीर आहे, ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या.

२१. थंडीत उन्हाचा त्रास होतो?

होतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. गडद चष्मा आणि सनस्क्रीन हवंच, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही. हे दोन्ही विणता येत नाही, म्हणून विणणाऱ्यांच्या यादीतून हमखास राहून जातं.

२२. ओले मोजे रात्रीत कसे वाळवू?

हीटरवर ठेवू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून वर पाय देऊन उभे राहा, पाणी टॉवेलमध्ये उतरतं. पिळून वळ देऊ नका. मग आतली बाजू बाहेर करा, आत चुरगळलेला कागद भरा, हवा खेळती असेल तिथे ठेवा आणि झोपण्यापूर्वी कागद बदला. तरी जाड मिटन सकाळी थोडे ओलसर राहतीलच. दुसरा जोड त्यासाठीच.

२३. बर्फात बसून विणता येईल का? आणि विमानात सुया नेऊ देतात?

थोडा वेळ येईल. धातूच्या सुया बोटांची उष्णता ओढून घेतात, लाकडी किंवा बांबूच्या घ्या. बोटांची टोकं उघडी असलेले मोजे घाला आणि सुलट विणीचं, न बघता होणारं काम न्या. लोकरीचा गुंडा पिशवीतच राहू द्या, बर्फावर घरंगळला तर ओला होतो.

विमानाचे नियम देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, निघण्यापूर्वी विचारून घ्या. आखूड लाकडी गोल सुई नेणं सोयीचं. तरी टाक्यांमधून एक जाड सुती दोरा ओवून ठेवा. सुई काढून द्यावी लागली तरी काम उसवत नाही.

२४. परत आल्यावर वर्षभर हे सगळं ठेवायचं कसं? कसर लागेल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन हे प्रथिन खातात आणि घामाचे, तेलाचे डाग असलेला भाग आधी शोधतात. म्हणून न धुता कधीच ठेवू नका. गार पाण्यात लोकरीच्या सौम्य साबणात भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट पसरून पूर्ण वाळवा. दमट हवेत त्याला दोन-तीन दिवसही लागतात, लागू द्या, ओलसर लोकर बंद केली तर कुबट वास येतो. मग घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून, झटकून, उजेडात बघा.

ठेवण्यापूर्वी प्रत्येक मोज्याच्या आत एक चिठ्ठी घाला: लोकर कोणती, सुई कितीची, टाके किती घातले, आणि बर्फात कुठे गार लागलं. माझ्या निळ्या जोडाच्या चिठ्ठीत लिहिलं आहे, ‘अंगठा अर्धा सेंटीमीटर आखूड, डावीकडून वारा येतो, पुढच्या वेळी चार ओळी जास्त.’